दुखण्याच्या डब्यातला बर्फ

माझ्या उजव्या गुडघ्याची हकीकत सांगायची, तर आधी डब्याची सांगावी लागेल, आणि डब्याची सांगायची तर माझ्या धाकट्या जावेची. तिन्ही एकमेकांत अडकलेली आहेत, बोरीच्या काट्यात लुगडं अडकतं तशी. सोडवत सोडवत सांगते.

डबा साधाच. तुपाचा, पत्र्याचा, वर कडी ठोकून कुलूप लावलेला. आमच्या गल्लीतल्या अकरा जणींचा तो दुखण्याचा डबा. आपल्या शेतात काम नसलं की आम्ही दुसऱ्यांकडे मिरची तोडायला, कापूस वेचायला जातो. मजुरी हातात पडते बाजाराच्या दिवशी. ती घेऊन घरात पाय टाकला की उंबरठ्यावरच तिचे लचके तुटतात. नवऱ्याची तंबाखू, पोराच्या मोबाइलचा रिचार्ज, नणंदेच्या दिराच्या लग्नातला आहेर. याला आम्ही उंबरठ्याचा कर म्हणतो. सरकार निदान कागद पाठवून कर मागतं. घरात नुसता हात पुढे येतो. मग स्वतःचं पोट दुखलं, दाढ ठणकली, तर बाई काय करणार? ओवा चावणार आणि गप्प बसणार.

म्हणून मास्तरीणबाईंनी तोड काढली. मास्तरीणबाई म्हणजे आमच्या गावच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई. मजुरी मिळाली की शेताच्या बांधावरच त्या पदर पसरून उभ्या. प्रत्येकीने थोडे तिथेच टाकायचे, आणि मग उरलेले घेऊन घरी जायचं. घराला जे कळलंच नाही, त्यावर घर कर कसा लावणार? डब्यातले पैसे फक्त दुखण्याला. डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, ती सगळ्यांसमोर वाचली गेली पाहिजे. आणि डबा एका घरात, चावी दुसऱ्या घरात. खर्च करायला जायचं तर डबेवाली आणि चावीवाली दोघींनी बरोबर जायचं, म्हणजे संशयाला जागा नको.

चावी माझ्याकडे. डबा माझ्या जावेकडे. आणि मी सांगते त्या श्रावणात आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो.

का बोलत नव्हतो, तर कानबाईमुळे. कानबाई आमच्या खानदेशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवतात. नारळच असतो तो, पण त्याला नथ, डोळे, साडी घातली की आमच्या सासूबाई म्हणायच्या, ही आता माहेरी आलेली पोर, हिच्यासमोर भांडू नका. सोमवारी सकाळी पाटावर बसवून, डोक्यावर घेऊन, वाजतगाजत नदीवर न्यायची आणि पाण्यात बुडवून नारळ परत घरी आणायचा. आमची आणि दिराची कानबाई एकच. सासूबाई गेल्यापासून ती मी नेते. किती वर्षं झाली ते मोजलं नाही, पण माझ्या डोक्याला त्या पाटाची सवय झालेली आहे. बायका वाटेत फुगड्या घालतात, गाणी म्हणतात, आणि मी मधून जात असते ना, तेव्हा मला असं वाटतं की गावात माझ्याएवढी उंच बाई दुसरी नाही. एरवी मी दाराच्या कडीला हात पुरत नाही म्हणून स्टूल घेते.

तर आदल्या वर्षी नदीच्या उतारावर माझा गुडघा अडला. पडले नाही. नुसती थांबले, दोन श्वास घेतले. तेवढ्यात जाऊ मागून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आते बाईले जमाव नही. पुढला साल मी लिसू."

आता जमणार नाही म्हणे, पुढच्या वर्षी मी घेईन म्हणे. देवी माझ्या डोक्यावर होती म्हणून मी उत्तर दिलं नाही. नंतर दिलं नाही ते रागाने. आणि मग ते न देणंच चालू राहिलं. वर्ष कसं गेलं कळलं नाही. घरं भिंतीला भिंत, म्हणजे तिची फोडणी मला शिंक आणते, पण बोलणं नाही. लागलंच काही तर आम्ही म्हशीशी बोलायचो. ती म्हणायची, "काय व म्हैस, कोनी मन्ही चाळनी लई गयं का?" मी माझ्या म्हशीला सांगायची, "तिला म्हणावं, कोनाड्यात बघ." काम होऊन जायचं.

या वर्षी आषाढातच गुडघा सुजला. पपईसारखा. मी एरंडाची पानं बांधली, मिठाची पुरचुंडी शेकली, आमच्या ह्यांनी कुठलंसं तेल आणलं ज्याच्या वासाने मांजर घर सोडून गेली. सूज हलेना. कानबाई तीन आठवड्यांवर. मी एक दिवस घरातच डोक्यावर पाट घेऊन चालून बघितलं. ओट्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि खालीच बसले. या वर्षी मी नेली नाही तर ती माझ्याकडे परत कधीच यायची नाही, हे मला माहीत होतं. एकदा दुसरीच्या डोक्यावर गेलेला पाट कोण परत देतं?

शहाद्याला गेले. तिथे व्यायाम शिकवणारी एक डॉक्टरीण आहे, पोरगीच, माझ्या नातीएवढी. तिने गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि म्हणाली, "आजी, गरम शेक बंद. याला थंड लागेल. माझ्याकडे मशीन आहे, पट्ट्यातून गार पाणी फिरतं. दहा वेळा यावं लागेल. जमणार नसेल तर बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून तीनदा."

तिने चिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन मी घरी आले आणि विचारात पडले. दहा वेळा शहादा म्हणजे खर्च, आणि बस चढण्या-उतरण्यातच गुडघा परत सुजणार. राहिला बर्फ. तर माझ्या फ्रीजचा वरचा खण बिघडलेला, त्यात मी पापड ठेवते. गल्लीत बहुतेकींचं तेच, नाहीतर दुपारी लाइट गेली की बर्फाचं पाणी. एकच फ्रीज असा आहे की लाइट जाऊ दे नाहीतर राहू दे, त्यात बर्फ टणक असतो. जावेचा. तिच्या अमेरिकेतल्या मुलाने घेऊन दिलेला.

तिच्याकडे एक वाटी बर्फ मागायचा, एवढंच काम होतं. ते मी केलं नाही. त्याऐवजी पुढचं सगळं केलं.

हा अमेरिकेतला मुलगा मला मोठी माय म्हणतो. त्याचा फोन आला की जावेला माझ्या ओट्यावर यावं लागतं, कारण रेंज तिथेच. तिच्या घरात फोन नुसता चेहरा दाखवतो आणि थिजतो. म्हणून आम्ही बोलत नसलो तरी ती रोज सकाळी माझ्या ओट्यावर येऊन, माझ्याकडे पाठ करून, मुलाशी बोलायची. मीही निवडायला घेतलेले तांदूळ सोडून उठायची नाही. माझा ओटा, मी का उठू?

त्या सकाळी फोनवर पोरगा दिसला तो पिंपात. खरंच पिंपात, गळ्यापर्यंत पाण्यात, वर बर्फाचे खडे तरंगत होते. दात वाजत होते.

जाऊ घाबरली. "अरे बेटा, तठे ऊनं पानी भेटस नही का?"

"भेटस ना, माय. मुद्दाम बठेल शे. कंबरसाठे."

"मुद्दाम?"

"पैसा देईसन बठेल शे."

पैसे देऊन थंड पाण्यात बसलोय म्हणतो. जावेने फोन नाकाजवळ धरून त्याला निरखलं. मग म्हणाली, "तुन्हा बापले सांगस. पानी तपाडानी रॉड धाडतस तुले."

पाणी तापवायचा रॉड पाठवायला लावते म्हटल्यावर पोरगा हसायला लागला, हसताना अजून कुडकुडला. मी लांबून विचारलं, कशाचे पैसे रे, घरातले? तर त्याने समजावून सांगितलं. तिकडे म्हणे पगारातून थोडे पैसे कर कापायच्या आधीच बाजूला काढतात आणि एका खात्यात टाकतात. ते दुखण्यालाच वापरायचे, त्यावर सरकार कर घेत नाही. पण अशा बर्फाच्या आंघोळीला डॉक्टरने लिहून द्यावं लागतं की या माणसाला याची गरज आहे, नुसती हौस नाही. त्याच्या कंबरेसाठी डॉक्टरने तसं लिहून दिलं होतं.

मी तांदळाचं सूप खाली ठेवलं. "अरे, हा तर आपला दुखण्याचा डबा."

"हां मोठी माय, तोच समज."

"चावी कोणाकडे असते?"

"माझ्याकडेच."

"आणि डबा?"

"तोही माझ्याकडेच."

मी म्हटलं, हे काही खरं नाही. दोन्ही एकाच घरात म्हणजे अमेरिकेला अजून बरंच शिकायचं आहे.

पण मला रस्ता दिसला. मी त्याच आठवड्यात बुधवारी बैठक बोलावली. बैठक नेहमी जावेच्या पडवीत होते, डबा तिथे असतो म्हणून. मी चावी कमरेला लावून गेले, दारातून आत शिरताना म्हशीकडे बघून "येऊ का" म्हटलं.

मास्तरीणबाईंनी चष्मा लावून, शाळेत धडा वाचतात तशी माझी चिठ्ठी वाचली. बर्फाचा शेक, दहा मिनिटे, दिवसातून तीन वेळा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, बर्फाने वात धरतो. दुसरी म्हणाली, तिच्या मावसदिराने बर्फाचं पाणी प्यायलं आणि त्याचा आवाज गेला तो निवडणुकीपर्यंत आला नाही. मग माझी जाऊ बोलली. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलली. माझ्याकडे मान म्हणून वळवली नाही. मला वाटलं, बघा, मिजास किती.

"थंडावाले कोनी औषध म्हनस का?" ती कॅलेंडरला म्हणाली. "ही तं चैन शे. उद्या कोनी कुल्फी खाई आनि सांगी, दाढ दुखस."

एकीने लगेच विचारलं, कुल्फी चालते का? तिची दाढ खरंच दुखत होती. दुसरीने विचारलं, बर्फ घातलेला उसाचा रस चालेल का, पित्ताला. मास्तरीणबाईंनी चष्मा काढला, म्हणजे आता त्या रागावणार. तेवढ्यात मी पत्ता टाकला.

"हिच्या मुलाला विचारा," मी म्हटलं. "अमेरिकेत बर्फाच्या पिंपात बसतो, गळ्यापर्यंत. दुखण्याच्या डब्यातून पैसे देतो. डॉक्टरची चिठ्ठी लावून. आणि तिथलं सरकार म्हणतं, बस बाबा, यावर आम्ही कर घेत नाही. आता अमेरिकेचं सरकार चैनीला पैसे सोडेल का?"

सगळ्या जणी वळून जावेकडे बघायला लागल्या. आपल्याच पोराविरुद्ध ती काय बोलणार? मला वाटलं हरली. पण ती म्हणाली, "बरं. मंग एकलीसाठे कसाले? लादी लया. सगळ्यास्ना दुखना निघी जाई."

एकटीसाठी कशाला, लादीच आणा, सगळ्यांची दुखणी निघतील. मी चकित. कारण तिने असं उदार बोलावं हे मला अपेक्षित नव्हतं. आणि गंमत अशी, की बोलणं सगळ्यांना एकदम पटलं. आमच्याकडे एकटीपुरतं काही आणायची रीतच नाही. गहू आणायचे तर पोत्याने, मीठ पोत्याने, हळकुंडं, शेंगदाणे, साबुदाणा, सगळं ठोकमध्ये आणून ओट्यावर वाटून घ्यायचं. तसाच बर्फ. कोणाची टाच, कोणाचं कोपर, कोणाचं मनगट, अकरा जणींचं काही ना काही दुखतच होतं. मास्तरीणबाईंनी वहीत लिहिलं: बर्फ, ठोक. गहू सहा महिने राहतो आणि बर्फ सहा तास राहत नाही, हे अकरापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मास्तरीणबाईंच्याही नाही, आणि त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी शहाद्याला. चावीवाली आणि डबेवाली, नियमाप्रमाणे. जाताना बसमध्ये ती पुढच्या सीटवर, मी मागच्या. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाने विचारलं, "लग्न आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "गुडघा आहे."

"किती माणसं?"

"अकरा बायका."

"मग पाव लादी पुष्कळ झाली."

पाव लादी म्हणजे केवढी, तर आमच्या नातवाच्या पाळण्याएवढी. भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून त्याने रिक्षात ठेवली. स्टँडवर दोन पोरांनी ती उचलून आमच्या गावाकडे, म्हसावदच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत चढवली. परतीला गर्दी होती, एकच बाक रिकामा. त्यावर खिडकीला जाऊ, कडेला मी, आणि पायाशी बर्फ. वर्षभरात आम्ही एवढ्या जवळ बसलो नव्हतो.

कंडक्टर आला. "मावशी, हे काय?"

"औषध."

"औषध गळतंय."

बघते तर मधल्या वाटेतून पाण्याची धार पार ड्रायव्हरकडे निघालेली. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट लागेल. मी म्हटलं, लाव बाबा, पण बायकांना अर्धं तिकीट आहे ना, मग बायकांच्या बर्फालाही अर्धंच. तो म्हणाला, बर्फ बाई आहे का पुरुष हे त्याच्या मशीनमध्ये येत नाही. मी म्हटलं, मग निदान वजन उतरल्यावर कर, चढल्यावर करू नको, तो तुझ्या गाडीतच कमी होतो आहे. मागे सगळे हसले. कंडक्टर मान हलवत पुढे गेला आणि परत आलाच नाही. मला वाटतं, विचार करत बसला असावा.

उकाडा असा, की श्रावण असून वारा नाही. समोरच्या बाकावरच्या एका आजोबांनी हळूच चप्पल काढून टाच गोणपाटाला लावली. डोळे मिटले. मग त्यांच्या शेजारच्या बाईने लावली. मग मागून एक पाय आला, कोणाचा ते दिसलंच नाही. मी म्हटलं, अहो, हा डॉक्टरच्या चिठ्ठीचा बर्फ आहे, याला डब्यातून पैसे दिलेत. आजोबा डोळे न उघडता म्हणाले, "पुण्य लागेल." आता पुण्यावर काय बोलणार? मी स्वतःचा गुडघा मधे घातला आणि जागा अडवली. काय सांगू तुम्हाला, असं गार वाटलं की ठणका क्षणभर कुठे गेला तेच कळेना.

जाऊ मात्र ताठ. खिडकीबाहेर नाही, माझ्याकडे नाही, नाकासमोर. केळीचे बाग गेले, ऊस गेला, हिची मान हलेना. मी मनात म्हणत होते, बस अशीच, देवीच्या पाटाची प्रॅक्टिस कर.

तेवढ्यात गाडी खड्ड्यात आपटली. सगळे उडालो. आणि जाऊ अशी ओरडली की ड्रायव्हरने ब्रेक मारला.

"आय व माय."

मी बघितलं तर डोळ्यात पाणी. दोन्ही हात मानेला. मी म्हैस वगैरे विसरले. "काय हुयनं व?"

"काही नही."

"काही नही तं रडस काय?"

"मान धरायी गयी शे," ती समोरच्या आजोबांच्या टोपीकडे बघत म्हणाली. "आठ दिन हुई गयात. वळस नही."

आठ दिवस मान वळत नाही म्हणे. म्हणजे बैठकीतलं कॅलेंडर, ते नाकासमोर बघणं, ती मिजास, सगळी मानच होती. मी विचारलं, कशाने धरली? मग हळू आवाजात, आजोबांनाच सांगितल्यासारखं बोलली. रोज सकाळी म्हणे, मी म्हशीची धार काढायला बसले की ती आपल्या मागच्या अंगणात डोक्यावर पाट घेऊन चालायची. पाटावर नारळ हलका वाटला, म्हणून वर पाण्याची कळशी ठेवली. कळशी वाकडी झाली, ती सावरायला गेली आणि मान कट्कन.

"कळशी कसाले ठेवनी?" मी म्हटलं. "देवी काय कळशीएवढी जड रास का?"

"माले काय माहीत?" ती म्हणाली. "तू कधी उचलू दिनी का?"

मी कधी उचलू दिलं का, असं विचारलं तिने. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही, अगदी अंगणापुरतासुद्धा, पाट हातात दिला नव्हता.

मी खाली वाकले, सुतळी सोडली, भुसा झटकला, हातरुमालात बर्फाचा खडा घेतला आणि तिच्या मानेला लावला. ती शहारली. मी म्हटलं, सांगायचं ना. दुखण्याचा डबा तुझ्याच घरात आहे.

"कोन्ले सांगू? तू चावी लिसन फिरस." आणि जरा थांबून, "आनि मन्हा फ्रीजमा बरफ भरेल शे. तू मांगी लेती तं ही लादी लागतीच नही."

"मग तू का नाही लावलास तोच?"

"फ्रीजना बरफ," ती म्हणाली. "तेले काय दाक्तरनी चिठ्ठी शे?"

मग मला बैठकीतलं तिचं औदार्यही कळलं. लादी सगळ्यांसाठी नव्हती. एका मानेसाठी होती.

गावात उतरलो तेव्हा स्टँडवरच नऊ जणी रांगेत बसल्या होत्या. कोणाची टाच उघडी, कोणाचं कोपर, एकीने गाल पुढे केलेला. मास्तरीणबाई वही घेऊन उभ्या. आम्ही गोणपाट उघडलं. भुसा खूप निघाला. बर्फ निघाला तो एका विटेएवढा.

"लादी कुठे आहे?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

जाऊ म्हणाली, "बसमा."

मास्तरीणबाईंनी ती वीट अकरा ठिकाणी फोडायचा प्रयत्न केला, वरवंट्याने. पाच तुकडे झाले, सहा पळाले. ज्यांच्या हाती लागला त्यांनी तो दुखऱ्या जागी लावायच्या आत तोंडात टाकला. दाढवालीने तर दोन. शेवटी परातीत जे पाणी राहिलं त्यात लिंबू पिळून, साखर घालून सगळ्यांनी पेलाभर घेतलं. बर्फ चांगला होता, त्यात शंका नाही. मास्तरीणबाईंनी वहीत काय लिहिलं ते मी अजून विचारलेलं नाही.

मग मात्र शनिवार संध्याकाळपासून मी जावेच्या पडवीत. तिच्या फ्रीजचा बर्फ, दहा मिनिटं माझा गुडघा, दहा मिनिटं तिची मान. चिठ्ठी माझीच दोघींना पुरवली. रविवारी कानबाई बसवली, पुरणाचे रोट केले, आणि मधे मधे स्वयंपाकघरातून उठून आम्ही फ्रीजजवळ जाऊन बसत होतो. माझी सूज निम्मी उतरली. तिची मान डावीकडे वळायला लागली, उजवीकडे नाही. म्हणून मी मुद्दाम तिच्या डावीकडे बसायची.

सोमवारी सकाळी वाजंत्री दारात. पाट तयार. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे. मी तिला म्हटलं, "तू ले." ती म्हणाली, "मान उतरी जाई तठेच. तू ले." मी म्हटलं, "उतारावर माझा गुडघा?" ती म्हणाली, "तो उतार उना म्हंजे देखसूत."

उतार आल्यावर बघू म्हणे. मी घेतली. गल्ली, पार, शाळा, सगळं नीट झालं. फुगड्या झाल्या, मी मधून उंच होऊन गेले. नदीचा उतार आला आणि गुडघा अडला. अगदी त्याच जागी, जणू त्याला ती जागा पाठ आहे. वाजंत्री पुढे गेली. मागच्या बायका थांबल्या. मला आदल्या वर्षीचं ते वाक्य परत कानात ऐकू यायला लागलं.

जाऊ आली, माझ्या उजव्या बगलेखाली शिरली आणि हात माझ्या कमरेला घातला. "टाक पाय," ती म्हणाली. "मन्हावर टाक." मी भार टाकला. ती वर बघू शकत नव्हती, मी खाली बघू शकत नव्हते. ती मला खड्डे सांगायची, मी तिला पाट सरळ आहे का ते विचारायची. ती म्हणायची, माले कशी दिसी? असं करत, भांडत, आम्ही देवीला खाली नेलं. दोघी मिळून एक धड बाई झालो असू. मागून कोणीतरी विचारलं, या वर्षी कानबाई नक्की कोणी नेली म्हणायची? पाण्यात उतरल्यावर मी पाट डोक्यावरून काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो जरा वेळ नुसता धरला. "हलकी शे व," ती म्हणाली. मग देवी बुडवली तिनेच.

नारळ घेऊन, रिवाजाप्रमाणे नदीची वाळू घेऊन सगळ्या वर चढल्या. आम्ही दोघी मागे राहिलो. श्रावणातलं पाणी, गुडघ्याच्या जरा वर, गार. मी उभी होते. जाऊ वाकून ओंजळीने मानेवर पाणी घेत होती.

काठावरून मास्तरीणबाई ओरडल्या, "अहो चला, चहा थंड होतोय."

जावेने मान वळवून वर बघितलं, डावीकडून. "थांबा व बाई," ती म्हणाली. "दाक्तरनी दहा मिनिट सांगेल शे."